बारा फोटोंचे आजोळ

स्वस्त वस्तूंशी आपणा मध्यमवर्गीयांचे नाते मोठे गमतीचे असते. महागाच्या वस्तू आपण कपाटात ठेवतो आणि पाहुण्यांना दाखवतो. स्वस्ताच्या वस्तू वापरतो. चांदीची भांडी वर्षातून दोनदा बाहेर निघतात, पण कान तुटलेला चहाचा कप मात्र दिवसातून चारदा हाती येतो. आणि पुढे कधी आठवण निघालीच, तर ती त्या कपाची निघते.

कॅमेऱ्याचेही असेच आहे. थोर थोर कॅमेरे जगात होऊन गेले, पण घरोघरच्या आल्बमात काळ्या कागदावर कोपरे लावून बसवलेले जे फोटो असतात, ते बहुतेक अगदी साध्यासुध्या कॅमेऱ्यांनी काढलेले असतात. १९०० साली अमेरिकेत ईस्टमन कोडॅक कंपनीने 'ब्राउनी' नावाचा कॅमेरा एका डॉलरला विकायला काढला. कॅमेरा कसला, पुठ्ठ्याचा डबाच तो! पुढे एक साधे भिंग आणि एक खटका. मुलांसाठी म्हणून काढलेला हा डबा थोरामोठ्यांनीच पळवला आणि फोटो काढणे हा प्रकार स्टुडिओतून उठून अंगणात आला. आपल्याकडे हे काम 'ॲग्फा क्लिक थ्री'ने केले. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी तो असेल, निदान माळ्यावर तरी. एका रोलवर बारा फोटो. मुंज असो, सहल असो, नाही तर नव्या सुनेचा पहिला सण असो, सारे बारांत बसवायचे. माझ्या लहानपणी आमच्याकडे गणपतीत रोल घालीत आणि तो दिवाळीपर्यंत पुरवीत. त्यामुळे माझ्या एक मावशी आल्बमात एका पानावर मखरासमोर आणि लगेच पुढच्या पानावर आकाशकंदिलाखाली उभ्या आहेत. मधले दोन महिने त्या कुठे होत्या, हे आल्बमाला ठाऊक नाही.

पुढे मोबाइल आला आणि बाराचे बारा हजार झाले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बारा फोटोंत सारे बसवायचे म्हणजे काय, हे मला स्वतःला कधीच करावे लागले नव्हते. तेव्हा कॅमेरा बाबांच्या हाती असे आणि आम्ही फक्त 'हलू नका' एवढे ऐकण्यापुरत्या. ती वेळ यंदा माझ्यावर आली.

झाले असे, की आमचे धाकटे भाऊजी कामानिमित्त हाँगकाँगला गेले होते. येताना त्यांनी आमच्या चिरंजिवांसाठी प्लॅस्टिकचा एक कॅमेरा आणला. चिरंजीव नववीत आहेत. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि फोटो कसा आला ते कुठे दिसणार, असे विचारले.

"रोल धुवून आणल्यावर," भाऊजी म्हणाले.

"म्हणजे किती मिनिटांनी?"

"आठ-दहा दिवसांनी."

चिरंजिवांनी कॅमेरा अत्यंत सभ्यपणे टेबलावर ठेवला आणि 'थँक यू, काका' म्हणून ते खेळायला निघून गेले. अशा रीतीने तो माझा झाला.

त्याचे नाव 'होल्गा'. सारे अंग प्लॅस्टिकचे, भिंगसुद्धा प्लॅस्टिकचे. हातात घेतला तर आत काही आहे की नाही अशी शंका यावी, इतका हलका. भिंगाभोवती एक कडे आहे आणि त्यावर चार छोटी चित्रे: एक माणूस, तीन माणसे, पुष्कळ माणसे आणि डोंगर. आपण जे काढणार ते किती लांब आहे ते पाहून त्या चित्रावर कडे फिरवायचे, की झाले. व्यक्ती, कुटुंब, समाज आणि निसर्ग! साहित्याचे वर्गीकरण आम्ही वर्गात तासन्तास शिकवतो, ते ह्या कॅमेऱ्याने चार चित्रांत उरकले होते. वर ऊन आणि ढग अशी दोन चिन्हे असलेली एक कळ आहे. पूर्वीच्या होल्ग्यांत ही कळ इकडे केली काय नि तिकडे केली काय, फोटोत म्हणण्यासारखा फरक काही पडत नसे. काही माणसांच्या संमतीसारखीच ती, केवळ विचारल्याचे समाधान!

भाऊजींनी त्याची कुळकथाही सांगितली. १९८२ साली हाँगकाँगमध्ये ली टिंग-मो यांनी हा कॅमेरा तयार केला. चीनमधल्या कष्टकरी माणसाला परवडावा, घरच्या माणसांचे फोटो त्याने काढावेत, एवढाच हेतू होता. कँटनी बोलीत 'हो ग्वाँग' म्हणजे 'फार उजेड', त्यावरून 'होल्गा'. पण लवकरच चीनमध्ये पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मची लाट आली आणि रुंद फिल्मचा हा कॅमेरा ज्यांच्यासाठी केला त्यांनीच बाजूला ठेवला. मग तो परदेशांतल्या छांदिष्टांच्या हाती गेला. त्याच्या फोटोंचे कोपरे काळवंडतात, कडा विरघळतात, फटींतून उजेड आत शिरतो. ह्या साऱ्या दोषांवरच मंडळी लुब्ध झाली. अमेरिकेच्या २००० सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत डेव्हिड बर्नेट या छायाचित्रकाराने अल गोर यांचा प्रचारातला एक फोटो होल्ग्याने काढला आणि त्याला पुढे पारितोषिकही मिळाले. २०१५ साली ह्या कॅमेऱ्याचे उत्पादन बंद पडले आणि २०१७ मध्ये पुन्हा सुरू झाले. स्वस्त वस्तूच ती, तिला मरायला परवडत नाही.

रोल मिळतो का याची चौकशी केली तर तो मुंबईत अजून मिळतो. मात्र रोल, धुलाई आणि छपाई मिळून एकेका फोटोला दीडशेच्या आसपास पडणार, असा हिशेब निघाला. तेव्हा कॅमेरा कपाटात गेला. असल्या किमतीत काढावे असे घरात काही दिसेना.

मग माघाच्या सुरुवातीला वाईहून मामीचा फोन आला. "कृष्णाबाईच्या उत्सवाला ये. पुढच्या वर्षी यायला घर नसेल."

वाई माझे आजोळ. मधल्या आळीत, घाटापासून हाकेच्या अंतरावर, मामांचा वाडा. बाहेर दिंडीचा दरवाजा, मग सोपा, मग चौक, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे परसू. वाडा पाडायचा म्हटले की गोष्टीत एखादा खलपुरुष लागतो. इथे तसा कोणीच नव्हता. मामा जाऊन अकरा वर्षे झाली. मामी एक्क्याऐंशीची, आणि एवढ्या मोठ्या घरात एकटी. वाड्याला चार वाटेकरी, ते चार गावी. माडीचा एक भाग तीन पावसाळ्यांपूर्वी खाली आला होता आणि मागच्या भिंतीला हात लावला तर माती हातात येत होती. मामेभावाने पुण्यात स्वतःच्या घरात आईसाठी खोली तयार ठेवली होती. सारे शहाणपणाचे होते. म्हणूनच कोणाला काही बोलता येत नव्हते.

मी कपाटातून होल्गा काढला, दुकानातून एक कृष्णधवल रोल आणला आणि चिरंजिवांना घेऊन निघाले.

स्वारगेटहून वाईची एस. टी. पकडली, की खंबाटकीचा घाट ओलांडेपर्यंत माणूस पुण्यातच असतो. वाई सुरू होते ती सुरूरच्या फाट्याला. हमरस्ता सोडून गाडी उजवीकडे वळली, की आमच्या लहानपणी दुतर्फा वडांची कमान लागे. आता कमान म्हणावी इतके वड उरलेले नाहीत, पण जे आहेत त्यांच्याखालून जाताना गाडीत क्षणभर अंधारते आणि पुन्हा उजेड होतो. पुढे पांडवगड दिसू लागतो. चिरंजिवांनी खिडकीतून मोबाइलवर त्याचे सात फोटो काढले. मी एकही काढला नाही. डोंगर हा पुष्कळ दिवस टिकणारा विषय आहे, असा विचार केला.

स्टँडवर उतरल्यावर आधी रिक्षा करून मेणवलीला गेलो, कारण दुपारी मामी झोपते. मेणवली वाईपासून जेमतेम तीन किलोमीटर. नाना फडणिसांचा वाडा, मागे कृष्णेवरचा तो डौलदार दगडी घाट, आणि घाटावर देवळाजवळ टांगलेली ती मोठी थोरली घंटा. १७३९ साली मराठ्यांनी वसई जिंकली, तिथल्या लुटीतून आलेली ही पोर्तुगीज घंटा, असे सांगतात. म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेसाठी ओतलेली ही घंटा मराठी नदीच्या काठी शंकराच्या शेजारी नांदते आहे. रिक्षावाल्याला मात्र इतिहास वेगळाच ठाऊक होता. 'स्वदेस'चे चित्रीकरण इथेच झाले, हे त्याने आम्हांला दोनदा बजावून सांगितले. तो चित्रपट २००४ सालचा, म्हणजे आता तोही इतिहासच.

पहिला फोटो मी घंटेचा काढला. तीन माणसांच्या चित्रावर कडे फिरवले, श्वास रोखला आणि खटका दाबला. 'टिक्' असा अगदी क्षीण आवाज झाला. डबीचे झाकण लागावे तसा. एवढ्यावर फोटो निघाला असेल यावर विश्वास बसेना. पाठीमागच्या लाल खिडकीतून पाहत चाक फिरवले, तेव्हा एकाचा आकडा सरकत गेला आणि दोनाचा हळूच येऊन उभा राहिला. दीडशे रुपये खर्च झाले!

दुसरा फोटो ढोल्या गणपतीचा. मूर्तीचा नव्हे, देवळाच्या पाठीचा. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली हे देऊळ बांधले, तेव्हा ते नदीच्या पात्रालगत उभे राहणार हे त्यांना माहीतच होते. म्हणून मागची भिंत माशासारखी निमुळती बांधली. पूर आला की पाणी तिथे दुभंगते आणि दोन्ही अंगांनी निघून जाते. वाईला येणारा यात्रेकरू समोरून हात जोडतो आणि परततो. ही पाठ तो क्वचितच पाहतो. दोन-अडीचशे पावसाळे ज्या भिंतीने अंगावर घेतले, तिचा एक फोटो न्याय्य होता. तिसरा घाटाचा काढला. पायऱ्यांवर धुणे आपटणाऱ्या दोन बायका आणि उत्सवाचा मांडव. कृष्णाबाईचा उत्सव वाईला घाटाघाटाने होतो. सात घाट, आणि प्रत्येक घाटाचे दिवस वेगळे. थंडी सरतासरता सुरू होतो आणि एका आळीचा संपेपर्यंत दुसऱ्या आळीची तयारी चाललेली असते.

चार वाजता वाड्यावर पोहोचलो. मामी दिंडीतच उभी होती. चहा झाल्यावर मी तिला कॅमेरा दाखवला, बाराचा हिशेब सांगितला आणि कुठे कुठे तीन खर्च केले तेही सांगितले. मामीने नीट ऐकून घेतले.

"ढोल्या गणपती कुठे जातोय?" ती म्हणाली. "त्याचे फोटो सगळ्या जगाकडे आहेत. उरले किती?"

"नऊ."

"मग नऊच्या नऊ इथे काढ. पण मी सांगेन त्याचे."

माझ्या मनात एक यादी तयार होती. माडीचे कोरीव कठडे, देवघराची महिरप, दिंडीवरचे पितळी खिळे, आणि सोप्यावर बसलेली मामी. जुन्या वाड्यांवरच्या पुस्तकांत असतात ते सारे. मी आधी मामीलाच म्हटले, "मामी, पहिला तुझा काढते. तू सोप्यावर बस."

"मला कशाला काढतेस?" ती म्हणाली. "मी येत्येय ना पुण्याला? कठडे विकलेत, ते कोणाच्या तरी घरी जातील. देव माझ्याबरोबर येताहेत. जे येणार नाही, त्याचे काढ."

वाङ्मयाच्या अध्यापनात माझी वीस वर्षे गेली. निवड म्हणजे काय, यावर मी मुलांना टिपणे दिली आहेत. पण निवडीची इतकी स्वच्छ कसोटी मला कोणी सांगितली नव्हती.

मग मामी पुढे आणि मी मागे, अशी आमची वरात निघाली. सोप्यावरच्या खांबाशी ती थांबली. तिथे खांब खांद्याइतक्या उंचीवर गुळगुळीत झाला होता. चार पिढ्या माणसे त्याला टेकून उभी राहिली. मामा तर रोज संध्याकाळी. हा चौथा. दिंडीचा उंबरा, मधोमध झिजून पन्हळीसारखा झालेला. हा पाचवा. माजघराच्या दाराची चौकट. दर मे महिन्यात तिथे आम्हां भावंडांना एका रांगेत उभे करून मामा शिसपेन्सिलीने उंचीच्या रेघा ओढीत आणि पुढे वर्ष लिहीत. माझी शेवटची रेघ १९९५ सालची. तिच्या पुढे कोणी वाढायलाच आले नाही. चिरंजीव तिथे उभे राहिले तर त्यांचे डोके साऱ्या रेघांच्या वर गेले. 'एक माणूस' या चित्रावर कडे फिरवले. सहावा.

सातव्याला पंचाईत आली. मामीला माजघरातल्या आढ्याच्या कड्या हव्या होत्या. झोपाळा केव्हाच गेला, पण कड्या होत्या. तीन बाळंतपणे तिने त्या झोपाळ्यावर काढली होती. पण माजघरात भर दुपारीसुद्धा दिवा लागतो, आणि ह्या कॅमेऱ्याचे उजेडावाचून काही चालत नाही. चिरंजिवांनी तोपर्यंत माहितीपत्रक वाचून काढले होते. ते म्हणाले, भिंगाखालची कळ 'बी'वर केली तर खटका जेवढा वेळ दाबून धरू तेवढा वेळ भिंग उघडे राहते. मग दोन डबे एकावर एक ठेवून त्यावर कॅमेरा उताणा ठेवला. किती वेळ दाबून धरायचे हा प्रश्न मामीने सोडवला. तिने डोळे मिटले आणि सावकाश तीनदा 'श्रीराम जयराम जय जय राम' म्हटले. तेवढा वेळ मी खटका धरला. छायाचित्रणाच्या शास्त्रात हे माप कुठे असेल असे वाटत नाही.

आठवा परसातल्या आडाचा. नववा चुलीवरच्या कोनाड्याचा. गॅस येऊन चाळीस वर्षे झाली तरी त्यातली काजळी गेली नव्हती, आणि मामीने ती कधी घालवूही दिली नाही. दहावा कढीलिंबाचा. "हे झाड नेता येत नाही," मामी म्हणाली. "रोप नेत्येय, पण ते झाड वेगळं."

अकराव्याला ती थेट दिंडीबाहेर गेली. समोरच्या घराच्या ओट्यावर एक वृद्ध बाई शेंगा सोलीत बसल्या होत्या. मामी या घरात आल्यापासून, म्हणजे अठ्ठावन्न वर्षे, रोज सकाळी त्या दोघी आपापल्या दारातून एकमेकींना विचारीत आल्या आहेत, 'पाणी आलं का?' भांडणही एकदा झाले होते, बहात्तरच्या दुष्काळात, पाण्यावरूनच. पण त्या दिवसांतही हा प्रश्न चुकला नाही, फक्त तो जरा घुश्शात विचारला जाई.

"ह्यांचा काढ," मामी म्हणाली.

"माझा गं कशाला?" त्या बाई पदर सावरीत म्हणाल्या.

"तुम्ही येताय का पुण्याला?"

त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. सुपातल्या शेंगा तशाच ठेवून सरळ बसल्या. हा फोटो मामीने स्वतः काढला. खटका कुठला एवढेच मी दाखवले. तिचा हात थोडा थरथरत होता. 'टिक्' झाले. "झालं?" मामीने विचारले. "झालं," मी म्हटले. दोघीही मग बराच वेळ काही न बोलता शेंगा सोलीत बसल्या.

बारावा राहिला. संध्याकाळ झाली होती. "हा उद्या," मामी म्हणाली. "सकाळी अकराच्या पुढे. चौकातलं ऊन काढायचंय."

रात्री मांडवातले कीर्तन ऐकून आलो आणि सोप्यावर पथाऱ्या टाकल्या. अंधारात मामीने उन्हाची गोष्ट सांगितली. ह्या घरात भिंतीवरच्या घड्याळाकडे बायकांनी कधी पाहिले नाही. थंडीच्या दिवसांत सकाळी ऊन प्रथम पश्चिमेच्या भिंतीवर, माडीच्या कठड्याखाली येते; तेव्हा मुलांची शाळेची वेळ. मग ते भिंत उतरते. सोप्याच्या वरच्या पायरीला टेकले की भाताचे आधण ठेवायचे. दुसऱ्या पायरीला आले की पाने घ्यायची. चौकातल्या तुळशीपाशी पोहोचले की पुरुषमाणसे हात धुऊन उठलेली असायची. "संक्रांतीनंतर जरा जरा सरकतं," ती म्हणाली. "ते मनात धरायचं. नवी सून आली की तिला सासूबाई आधी हे शिकवायच्या, मग स्वयंपाक. माझ्या सुनेला शिकवायचं राहिलं. पण तिला तरी शिकून काय करायचंय? तिकडची खोली उत्तरेला आहे."

सकाळी उठून पाहतो तो सारी वाई धुक्यात! कृष्णेवरून उठलेले धुके आळीत शिरले होते आणि समोरच्या बाईंचे दारसुद्धा दिसत नव्हते. नऊ वाजले, साडेनऊ झाले. आमची परतीची गाडी दीडची होती. चिरंजिवांनी तोडगा सुचवला, की बारावा फोटो आजीचाच काढावा, ती आयती तयार आहे. मामी नुसती हसली आणि तांदूळ निवडायला घेऊन चौकात बसली. मीही तिच्याशेजारी बसले. त्या दोन तासांत मी जेवढा तो चौक पाहिला, तेवढा आजोळच्या सगळ्या सुट्ट्या मिळूनही पाहिला नसेल. फरशांची संख्या त्रेचाळीस. तुळशीच्या कट्ट्याला एका अंगाने पडलेली चीर. पागोळ्यांनी दगडात पाडलेल्या खळग्यांची सरळ ओळ.

दहाच्या पुढे धुके विरळ होऊ लागले. भिंतीवर आधी नुसतीच पिवळट छटा आली, मग तिला कडा आल्या. ऊन खाली उतरू लागले. मामी मान वर न करता तांदूळ निवडीत होती. वरची पायरी उजळली. मी कडे पुष्कळ माणसांच्या चित्रावर फिरवले आणि उठून उभी राहिले. उन्हाची कड दुसऱ्या पायरीवर आली तशी मामी म्हणाली, "आता."

मी खटका दाबला. चिरंजिवांनी मोबाइल काढून पाहिला. सव्वाअकरा झाले होते.

मोबाइलला नावे ठेवण्याचा माझा विचार मुळीच नाही. त्या दोन दिवसांत चिरंजिवांनी दोनशे चाळीस फोटो काढले आणि वाड्यातून चालत चालत सबंध घराचे चलच्चित्रही घेतले. त्याच रात्री ते अमेरिकेतल्या माझ्या मावसभावाने पाहिले आणि तिकडून फोन करून तो लहान मुलासारखा रडला. ते काम माझ्या बारा फोटोंनी झाले नसते. पण चिरंजिवांना कोणी 'कशाचा काढू नकोस' असे सांगितले नव्हते, आणि त्यांना कोणाला विचारावेही लागले नव्हते. मला विचारावे लागले. विचारले नसते, तर मी कठडे आणि खिळे घेऊन परतले असते आणि माझ्या आजोळचे घर मला शेवटपर्यंत मामीच्या डोळ्यांनी दिसले नसते.

मुंबईला एका जुन्या स्टुडिओत रोल धुवायला दिला. तिथल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी दहा दिवसांनी निगेटिव्ह उजेडापुढे धरून दाखवली आणि हळहळत म्हणाले, "बाई, ह्यात उजेड शिरलाय." खरेच शिरला होता. कॅमेऱ्याच्या फटींतून आत आलेले पांढरे फराटे दोन-तीन फोटोंवर उमटले होते. घंटा मेणवलीची न वाटता ढगातली वाटत होती. ढोल्या गणपतीची पाठ सुरेख आली होती. चौकटीवरच्या रेघा दिसत होत्या, त्यांच्यापुढची वर्षे मात्र वाचता येत नव्हती. आड म्हणजे एक काळे वर्तुळ, एवढेच. माजघरातल्या कड्या आल्या! तीन रामनामांचा हिशेब अचूक ठरला. समोरच्या बाई थोड्या हललेल्या होत्या. म्हणजे हलला होता तो मामीचा हात. पण त्यांची नजर सरळ होती आणि मांडीवरचे सूप स्पष्ट होते.

आणि बारावा. चारी कोपरे काळे, चौकाच्या भिंती अंधारात गेलेल्या, आणि मधोमध उन्हाचा एक लखलखीत चौकोन. इतका उजेड, की पायऱ्यांचा दगडसुद्धा त्यात हरवलेला. फक्त दुसऱ्या पायरीची कड तेवढी सुरीसारखी स्पष्ट.

मामी अक्षय्यतृतीयेनंतर पुण्याला आली. वाडा वैशाखात उतरवला. तो पाहायला आमच्यापैकी कोणी गेले नाही. श्रावणात एका रविवारी मी बाराही फोटो मोठे करून तिला नेऊन दिले. तिने एकेक बराच वेळ पाहिला. समोरच्या बाईंचा फोटो तिने देवांच्या शेजारी ठेवला आणि म्हणाली, "रोज फोन असतो. पाणी आलं का विचारतात. इथे चोवीस तास येतं, तरी मी आलं म्हणून सांगत्ये." उन्हाचा फोटो तिने सुनेला स्वयंपाकघरात ओट्यावरच्या भिंतीला लावायला सांगितला.

सुनेने तो लावला, दोन पावले मागे सरून पाहिला आणि म्हणाली, "आई, ह्यात नुसता उजेडच दिसतोय हो. आहे काय हे?"

मामीने चष्मा वर केला. "सव्वाअकरा," ती म्हणाली. "पानं घ्यायची वेळ. ये, सांगत्ये तुला."